तीन महिने उलटले, तरी दुखायलंय? मग या क्रमाने चला

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. जुन्या कंबरदुखीचा, गुडघ्यांचा, मानेचा माणूस माझ्याकडे बहुतेक सगळ्यात शेवटी येतो. आधी मेडिकलवरून गोळ्या झालेल्या असतात, मग गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन, मग लातूरला नाहीतर संभाजीनगरला जाऊन एमआरआय, मग पट्टा, मग कुणी सांगितलेलं तेल किंवा बिब्बा, आणि पैसे संपले की व्यायाम. बिब्बा सोडला तर यातल्या बहुतेक गोष्टींना कुठे ना कुठे जागा आहे. चुकतो तो क्रम, आणि चुकलेल्या क्रमात माणसाचं वर्ष-दोन वर्षं निघून जातात. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. मधला एकही गाळू नका.

सुरू करण्याआधी: जुनाट दुखण्यात आत काय चाललेलं असतं

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात. त्याची चाल ताज्या दुखण्यापेक्षा वेगळी असते. एकदा रात्री चोर येऊन गेला की राखणीचं कुत्रं पुढे महिनाभर पाचोळा हलला तरी भुंकतं. भुंकणं खरं असतं, झोप खरीच मोडते, चोर मात्र आलेला नसतो. जुनाट दुखण्यात पुष्कळदा असंच होतं. मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जारज्जूतल्या आणि मेंदूतल्या नसा इतक्या सावध होऊन बसतात की साधं वाकणंही त्यांना धोका वाटतो. त्यामुळे जास्त दुखलं म्हणजे आत जास्त मोडलं, हा हिशोब इथे लागत नाही.

आणि 'रिपोर्टमध्ये काही नाही' याचा अर्थ 'तुला काहीच नाही' असाही होत नाही. हे वाक्य घरात आणि दवाखान्यात ऐकून माझ्यासमोर रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. रिपोर्ट साफ असला तरी दुखणं खरंच असतं.

टप्पा १: चोर खरंच आलेला नाही ना, हे आधी बघा

खालचं काहीही असेल तर पुढचा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात, गाडी नसेल तर १०८ लावून:
- कंबरदुखीबरोबर लघवी अडकली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, किंवा मांड्यांच्या आतली, बसायची जागा बधिर झाली.
- पायाचा किंवा हाताचा जोर झपाट्याने कमी व्हायलाय, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही.
- पडल्यानंतर, गाडीवरून आपटल्यानंतर दुखणं सुरू झालं आणि उभं राहता येत नाही.
- दुखणं छातीत आहे, डाव्या हातात किंवा जबड्यात जातं, घाम सुटतो.

चार-आठ दिवसांत:
- संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, आणि मणक्यावर एकाच जागी दाबलं की कळ. मणक्याचा टीबी आपल्याकडे आहे आणि तो 'गॅस'च्या किंवा 'नसेच्या' औषधांखाली महिनोन् महिने लपतो.
- पूर्वी कॅन्सर झालेला असताना नव्याने सुरू झालेलं हाडाचं दुखणं.
- तरुण वयात पहाटे पाठ दुखून जाग येते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग आखडलेलं, आणि हिंडल्यावर मोकळं. बसून राहिलं की परत वाढतं. हा सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो, त्याला वेगळी औषधं लागतात.
- बोटांचे बारीक सांधे दोन्ही हातांना सुजतात, सकाळी मूठ वळत नाही.

तपासा: ही यादी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा. बसायची जागा बधिर झाल्याचं माणूस लाजेने स्वतःहून सांगत नाही.

टप्पा २: वही, आधी पंधरा दिवसांची, मग पुढेही चालू

चाळीस पानी वही घ्या. रोज तीन वेळा, उठल्यावर, दुपारी आणि निजताना, दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्या. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे याहून जास्त सोसवणारच नाही. आकड्यासमोर तीन गोष्टी: त्याआधीचे दोन-तीन तास काय काम केलं, रात्री किती झोप झाली, कोणती गोळी घेतली.

आठवड्यातून एकदा आणखी दोन आकडे लिहा. या आठवड्यात दुखण्याने कामात किती आडकाठी केली, आणि मनाच्या आनंदात किती. तेही ० ते १० मध्येच. पुढे सुधारणा बहुतेक आधी या दोन आकड्यांत दिसते, दुखण्याचा आकडा मागून हलतो. ते दोन लिहिलेच नसतील तर सहा आठवड्यांनी 'काही फरक नाही' म्हणून माणूस सोडून देतो.

लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्या. एक मामा कॅलेंडरच्या चौकटीत खडूने रेघा मारून आले होते, तेवढ्यावरही काम झालं.

नेहमीची चूक: फक्त वाईट दिवस लिहिणं. चांगला दिवस जास्त महत्त्वाचा आहे, कारण घोटाळा तिथेच होतो. ते टप्पा ६ मध्ये येईल.

टप्पा ३: दुखण्याला नेमका शब्द द्या

डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण 'लई दुखायलंय' एवढंच सांगतो. आपल्या बोलीत दुखण्याला इतके शब्द आहेत की ते नीट वापरले तर अर्धं निदान टेबलावरच होतं.

आग होते, मुंग्या येतात, सुया टोचतात, करंट बसल्यासारखा सणका पायात उतरतो, अंगावरचं पातळ लागलं तरी सहन होत नाही: ही नसेच्या दुखण्याची भाषा. साखरेच्या आजारात तळपायांची आग होते ती याच जातीची. साध्या दुखऱ्या (म्हणजे दुखणं थांबवायच्या) गोळ्यांना ही जात फारशी दाद देत नाही.

ठणका लागतो, सांधा गरम आणि सुजलेला, सकाळी आखडलेलं: ही सुजेची भाषा.

रग लागते, भरून येतं, ओझं उचललं की वाढतं आणि टेकलं की कमी होतं: हे स्नायूंचं, सांध्यांचं, झिजेचं.

आज खांदा, उद्या कंबर, परवा मांड्या, अंगभर ठसठस, झोपून उठलं तरी शीण तसाच, आणि तपासण्या साफ: इथे नसांचं सावध होणं हेच मुख्य दुखणं असू शकतं.

एकाच माणसात दोन जाती सापडतात. कंबरेत रग आणि पोटरीत करंट असेल तर दोन्ही सांगा. एकच सांगितलं तर एकाचंच औषध मिळेल.

टप्पा ४: डॉक्टर, तपासण्या आणि एमआरआयचा मोह

आधी एक डॉक्टर ठरवा आणि निदान तीन महिने तिथेच जा. दर पंधरवड्याला दवाखाना बदलला की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो आणि तुमची गोळ्यांची पिशवी फुगत जाते. सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि संभाजीनगरची घाटी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत सगळे विभाग एका आवारात आहेत. बाकी ठिकाणांसारखी पायपीट होत नाही, मात्र सकाळी ओपीडी सुरू होताना पोचा.

जाताना काय न्याल: वही, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (चुर्णाच्या पुड्यासुद्धा), जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, आणि एका कागदावर तीन प्रश्न. तीनच, कारण गर्दीच्या ओपीडीत चौथ्याला वेळ मिळत नाही.

अंगभर किंवा बऱ्याच सांध्यांचं दुखणं असेल तर या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा: रक्तातली साखर, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, सूज दाखवणारी ईएसआर-सीआरपी, आणि क्रिएटिनिन. शेवटची किडनीची आहे, आणि ज्याने वर्षभर दुखऱ्या गोळ्या खाल्ल्यात त्याने ती करायलाच हवी. ड जीवनसत्त्व कमी निघालं तर डोस डॉक्टर ठरवतील तेवढाच घ्या. मनानेच महिन्यामागून महिना इंजेक्शनं घेतली तर ते अंगात साठतं आणि कॅल्शियम धोक्याच्या वर जातं.

एक गोष्ट आपल्याकडची. किनवटकडच्या आणि मराठवाड्यातल्या इतरही काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मोठ्यांची मान आणि कंबर ताठ, एकाच वस्तीत बऱ्याच जणांचे सांधे दुखतात, असं असेल तर पाणी तपासून घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी बंद. उकळून ते जात नाही.

आता एमआरआय. टप्पा १ मधलं काही असेल, पायाचा जोर जात असेल किंवा ऑपरेशनचा विचार चालू असेल, तर तो हवाच. एरवी घाई नको. ज्यांची कंबर कधीच दुखलेली नाही अशा माणसांचे एमआरआय काढले, तर विशीतल्या जवळपास ३० टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या ८० टक्क्यांहून जास्त जणांत गादी बाहेर फुगलेली, म्हणजे लोक 'सरकली' म्हणतात तशी, दिसते. केस पांढरे व्हावेत तसं ते आहे. पण 'गादी सरकली' हे दोन शब्द कानावर पडले की माणूस वाकायचा थांबतो, उचलायचा थांबतो, आणि तिथून स्नायू खरंच कमजोर होतात. एक शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत फिल्म घेऊन आले होते. ती इतक्या वेळा काढून दाखवलेली की कडा पांढऱ्या पडल्या होत्या. दीड वर्ष त्यांनी पायातल्या चपलेसाठीसुद्धा वाकणं सोडलं होतं.

⚠ बायकांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी: कंबर दुखते, ओटीपोट दुखतं म्हणून गर्भपिशवी काढू नका, जोवर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासून तेच सांगितलेलं नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयही लवकर काढली तर पाळी अवेळी जाते, हाडं ठिसूळ होतात आणि कंबर पुन्हा दुखतेच. अंगावरून जाणं, गाठ असणं ही कारणं वेगळी आहेत. नुसती कंबरदुखी हे कारण होत नाही.

टप्पा ५: गोळ्यांचा हिशोब

एका मावशींनी माझ्या टेबलावर पिशवी उलटी केली. तीन पट्ट्या, तीन दुकानांतल्या, तीन रंगांच्या. 'ही कंबरंची, ही गुडघ्याची, ही अंगदुखीची.' पट्ट्या उजेडाकडे धरून मागचं बारीक अक्षर वाचलं, तर तिन्हींत डायक्लोफिनॅक. त्या दिवसातून तिन्ही घेत होत्या, चहावर.

म्हणून पहिलं काम हेच करा. पट्टीवरचं मोठं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, खालचं बारीक अक्षर औषधाचं. प्रत्येक पट्टीचं बारीक अक्षर वहीत उतरवा. तेच नाव दोनदा आलं तर एक बंद, आणि कोणती बंद करायची ते डॉक्टरांना विचारा. पॅरासिटॅमॉल तर सर्दीच्या, तापाच्या आणि दुखण्याच्या जोडगोळ्यांत लपलेलं असतं. धडधाकट मोठ्या माणसाला सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये. दारू पिणाऱ्याला, यकृताचा त्रास असणाऱ्याला मर्यादा त्याहून खाली.

डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही सुजेवरची औषधं थोड्या दिवसांसाठी चांगली आहेत. महिनोन् महिने घेतली तर पोटात व्रण, किडनीवर मार आणि रक्तदाब वाढणं याचा धोका वाढत जातो. आपल्याकडे एक गोष्ट जास्त जपायची. एप्रिल-मेच्या उन्हात काम, दिवसभर जेमतेम बाटलीभर पाणी, वर रक्तदाबाची आणि लघवी होण्याची गोळी चालू, आणि त्यात ही दुखरी गोळी. या जोडीने किडनी अचानक बसू शकते. उन्हातून आल्यावर लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल तर दुखरी गोळी घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

नसेच्या दुखण्यासाठी वेगळी औषधं असतात: अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रिगॅबॅलिन, गॅबापेंटिन. ती लिहून दिली की दुकानात कुणीतरी म्हणतं, 'ही तर डोक्याची गोळी', आणि माणूस घाबरून बंद करतो. यातल्या काही उदासीवरही देतात हे खरं. तुम्हाला दिली ती नसांची उसळी शांत करण्यासाठी, आणि अमिट्रिप्टिलिनचा त्यासाठीचा डोस उदासीच्या डोसापेक्षा बराच कमी असतो. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला झापड येते, तोंड कोरडं पडतं, म्हणून ती बहुतेक रात्री देतात. काचबिंदू असेल, म्हाताऱ्या माणसाला लघवी अडकायचा त्रास असेल तर आधीच सांगा. झापड आहे तोवर ट्रॅक्टर, मोटरसायकल आणि कडबाकुट्टी यांपासून लांब. बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू, एका फटक्यात नाही.

⚠ पुडीतलं 'आयुर्वेदिक' चूर्ण दोन दिवसांत जादूसारखं लागू पडलं, भूक वाढली, चेहरा गोल आणि भरल्यासारखा झाला, साखर चढली, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा दाट संशय धरा. लेबल नसलेली पुडी घेऊच नका. बरेच दिवस घेत असाल तर मात्र स्वतःहून एकदम थांबू नका. अचानक थांबल्याने रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

कॅन्सरच्या दुखण्याचा हिशोब निराळा आहे. तिथे मॉर्फिनसारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीत देणं योग्यच असतं, आणि 'सवय लागेल' म्हणून ते नाकारून माणसाला तळमळत ठेवू नये.

टप्पा ६: मोजून काम (हा लेखाचा गाभा आहे)

'मॅडम, काल लई बेस वाटलं म्हणून दिवसभर सोयाबीन काढलं. आज उठाय येईना गेलंय.' हे वाक्य मी आठवड्यातून पाच वेळा ऐकते. बरं वाटलं की तुंबलेलं सगळं काम एका दिवसात उरकायचं, मग चार दिवस अंथरुणावर, मग पुन्हा बरं वाटलं की तेच. दर फेरीला अंथरुणावरचे दिवस वाढतात, कामाचे कमी होतात. नसा तेवढ्या जास्त सावध होत जातात. म्हणून किती काम करायचं ते आजच्या दुखण्याला विचारू नका. ते घड्याळ ठरवेल.

करायचं असं:

१. एकच काम निवडा, ज्याने सगळ्यात जास्त अडतं. समजा कापूस वेचणी.

२. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, किती मिनिटांनी दुखणं २ आकड्यांनी चढतं. समजा ४०, २५ आणि ३५ मिनिटं आली.

३. सरासरी काढा. बेरीज १००, भागिले ३, म्हणजे ३३.

४. त्यातला पाचवा हिस्सा कमी करा. राहिली साधारण २५ मिनिटं. हा तुमचा पल्ला.

५. मोबाइलवर २५ मिनिटांचा गजर लावा. वाजला की थांबा, दुखत नसेल तरीही. पाच मिनिटं अंगाची ठेवण बदला, म्हणजे वाकून असाल तर उभं राहून चार पावलं चाला, उभे असाल तर टेका. मग पुन्हा २५.

६. आठवडाभर वहीतले आकडे चढले नाहीत तर पुढच्या आठवड्यात २-३ मिनिटं वाढवा. एवढंच. दर आठवड्याला ३ मिनिटं म्हणजे आठ आठवड्यांत पल्ला जवळपास दुप्पट होतो.

पाचव्या पायरीतलं 'दुखत नसेल तरीही' लोकांना पटत नाही. बरं चाललंय तर थांबायचं कशाला? कारण दुखल्यावर थांबलात तर मेंदू शिकतो की हे काम म्हणजे दुखणं. दुखायच्या आधी थांबलात तर तो शिकतो की हे काम झालं आणि काही बिघडलं नाही.

वेचणीची मजुरी किलोवर असते, तिथे पाच-पाच मिनिटं सोडणं परवडत नाही हे मला माहीत आहे. तिथे थांबू नका, काम बदला. गजर वाजला की खालची बोंडं सोडून थोडा वेळ वरची वेचा. ओटी जड होऊ देऊ नका. तीन-चार किलो झालं की गाठोड्यावर रिकामी करून या, त्या चालण्यातच कंबर मोकळी होते. पाण्यासाठी एका मोठ्या हंड्याऐवजी दोन्ही हातांत दोन छोट्या कळशा. भाकरी जमिनीवर बसून थापत असाल आणि गुडघ्यांनी छळलं असेल तर चूल किंवा शेगडी ओट्यावर घ्या. यात कमीपणा काही नाही.

आणि कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारी माणसं. उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या जोडप्याला 'काम कमी करा' सांगणं मला जड जातं, कारण ते पाळणं त्यांच्या हातात नसतं. त्यातल्या त्यात तीन गोष्टी करता येतात. मोळी लहान बांधा आणि खेपा वाढवा. गाडी भरताना मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढायचं काम आलटून पालटून करा, रोज एकाच माणसाच्या मानेवर नको. आणि तोडणीवर जायच्या महिनाभर आधी टप्पा ७ मधले व्यायाम सुरू करा. दिवाळीपर्यंत बसून राहून एकदम तोडणीला लागलं की पहिल्या पंधरवड्यातच कंबर धरते.

नेहमीची चूक: पट्टा. कमरेचा पट्टा प्रवासात, ओझ्याच्या तासाभरात ठीक. सकाळी बांधून रात्री सोडला तर जे काम स्नायूंनी करायचं ते पट्टा करतो, आणि पट्ट्याशिवाय उभं राहायची भीती बसते.

टप्पा ७: हालचाल

व्यायाम म्हणून चारच गोष्टी देते, कारण दहा दिल्या की एकही होत नाही.

चालणं. किती, ते टप्पा ६ सारखंच मोजून. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत.

उठ-बस. खुर्चीच्या उंचीच्या ओट्यावरून हात न टेकता उठा, सावकाश बसा. ५ वेळा. जमत नसेल तर ओट्यावर घडी केलेली गोधडी ठेवून उंची वाढवा आणि महिन्या-दीड महिन्यात एकेक घडी कमी करा.

कंबर उचलणं. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, ढुंगण जमिनीपासून वर उचला, ५ आकडे मोजा, खाली या. ८ वेळा. श्वास कोंडू नका, मोठ्याने मोजलं की तो आपोआप चालू राहतो.

मांजरासारखं. हातापायांवर ओणवं होऊन पाठ वर फुगवा, मग खाली सोडा. सावकाश, १० वेळा. गुडघ्याखाली पोतं घ्या. गुडघेच दुखत असतील तर याऐवजी खुर्चीत बसून एकेक पाय समोर सरळ करा आणि ५ आकडे धरा.

तपासा: व्यायामाने दुखणं जास्तीत जास्त २ आकड्यांनी चढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. दुसऱ्या सकाळीही चढलेलंच असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद करू नका.

शेक १५-२० मिनिटं, टॉवेलमधून. साखरेच्या आजाराने पाय बधिर असतील तर पायाला शेक नकोच. तापवलेल्या विटेने झालेला भाजा त्या माणसाला दिसतो तेव्हा खोल गेलेला असतो. रोज कडक शेकून पाठीवर तपकिरी जाळीसारखे डाग पडले असतील तर उष्णता जास्त होतेय. बिब्ब्याने फोड येतात, चट्टा राहतो, आणि फोडाच्या आगीत जुनं दुखणं थोडा वेळ विसरतं, एवढाच त्याचा गुण.

टप्पा ८: झोप, मन, घरची माणसं

झोप मोडली की दुसऱ्या दिवशी नसा जास्त भुंकतात. उठायची वेळ पक्की ठेवा, झोपायची आपोआप जुळते. दुपारी चारनंतर चहा नको, दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी केलेली चादर घ्या. कंबर दुखते म्हणून फरशीवरच झोपलं पाहिजे असं काही नाही. मध्यम कडक अंथरूण बहुतेकांना मानवतं.

शेतीपंपाला रात्रीची लाईट असेल तर हे सगळं कोलमडतं. ज्या आठवड्यात रात्री पिकाला पाणी द्यायला दारं धरायची असतात त्या आठवड्यात पल्ला वाढवू नका, आहे तेवढाच टिकवा. तो आठवडा वहीत वेगळ्या खुणेने लिहा, म्हणजे चढलेला आकडा बघून घाबरायला होणार नाही.

जुनाट दुखणं आणि उदासी एकमेकींना ओढतात. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, रात्र रात्र जाग असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, दिवस-रात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचा विचार मनात घोळत असेल तर आत्ता, वाचणं थांबवून.

घरच्यांना एकच सांगणं. 'दुखतंय का?' असं दिवसातून दहा वेळा विचारू नका. 'आज किती मिनिटं झाली?' असं विचारा. आणि प्रेमापोटी हातातलं सगळं काम काढून घेऊ नका.

टप्पा ९: दुखणं उसळलं तर

उसळणारच. पाऊस लागतो, लग्नाच्या धावपळीत पल्ला मोडतो, कधी काहीच कारण सापडत नाही. हा कागद बऱ्या दिवशी लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, कारण उसळीच्या दिवशी डोकं चालत नाही:

- टप्पा १ ची यादी पुन्हा वाच. त्यातलं काही असेल तर दवाखाना.
- पहिले दोन दिवस पल्ला निम्मा. शून्य नाही.
- डॉक्टरांनी उसळीसाठी सांगितलेली गोळी, सांगितली तेवढीच.
- शेक, सावकाश लांब श्वास, मांजराचा व्यायाम.
- तिसऱ्या-चौथ्या दिवशी पल्ल्याच्या पाऊण भागावर ये, आठवड्यात पूर्ववर.
- या आठवड्यात नवा डॉक्टर, नवं इंजेक्शन, नवा एमआरआय काही ठरवायचं नाही.

शेवटची ओळ घरच्यांनी पाळायची आहे. उसळीच्या रात्री काळजीने गाडी काढून शहरात नेतात, आणि तिथे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

टप्पा १०: सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी

वहीतले पहिल्या आठवड्याचे तीन आकडे (दुखणं, कामातली आडकाठी, आनंदातली आडकाठी) आणि आताचे तीन शेजारी-शेजारी लिहा. तिन्हींतला एक जरी साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरला असेल, म्हणजे ७ चा ५ झाला असेल, तर हा खरा फरक आहे. तसंच चालू ठेवा. चपलेसाठी न वाकणारे ते शेतकरी सहाव्या आठवड्यात आले तेव्हा दुखण्याचा आकडा ६ चा ६ च होता, पण कामातली आडकाठी ८ वरून ४ वर आली होती. त्यांना ते पटेना. मग वही उलटी फिरवून त्यांच्याच अक्षरातलं दाखवलं: 'आज दोन्ही वेळा धारा काढल्या.'

सहा आठवड्यांत काहीच हललं नसेल तर आधी पल्ला तपासा. दहापैकी आठ वेळा तो जास्त मोठा धरलेला असतो. अजून पाचवा हिस्सा कमी करून पुन्हा सुरू करा. बारा आठवड्यांनीही तिन्ही आकडे जागेवरच असतील, तर तुमच्या डॉक्टरांना वेदनातज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. हे बहुधा भूलशास्त्राचे डॉक्टर असतात, आणि नसेजवळ द्यायचं इंजेक्शन वगैरे उपायांचा विचार तिथे होतो. जाताना नवी फाइल करू नका. तीच वही न्या.